सेवाव्रती प्रशासन आणि दुभंगलेला काळ

(मराठी आवृत्तीसाठी अनुवादकाने जोडलेला पाठ)

या ग्रंथाच्या अनुवादाला आरंभ केला तेव्हा पहिली अडचण शब्दाची आली. इंग्रजीतील ‘सर्व्हंट लीडर’ या जोडशब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘नोकर’ म्हटले तर पगार आणि हुकूम डोळ्यांपुढे येतात. ‘दास’ म्हटले तर भक्तीचा अर्थ पुढे सरसावतो. ‘सेवक’ हा शब्द सर्वांत जवळचा खरा. परंतु आपल्या महाविद्यालयांत सेवक म्हणजे घंटा वाजवणारा आणि फायली पोचवणारा माणूस. प्राचार्य निराळे आणि सेवक निराळे, अशी विभागणी आपल्या भाषेतच रुजून बसली आहे. मूळ लेखकाचा सारा युक्तिवाद या विभागणीच्या विरुद्ध जातो. म्हणून अडचण असूनही ‘सेवक’ हाच शब्द मी कायम ठेवला.

दुसरी अडचण उदाहरणांची होती. मूळ ग्रंथातील उदाहरणे अमेरिकेतील विद्यापीठांची आहेत. मराठी वाचकाला ती पटतील, परंतु आपली वाटणार नाहीत. वास्तविक ज्या प्रश्नाची ग्रंथकाराने चर्चा केली आहे, तो प्रश्न पुण्यातील मूठभर शिक्षकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्या आयुष्यात सोसला होता. त्याची हकिकत या पाठात दिली आहे.

हा अनुवाद मी रायपूरच्या तेलीबांधा भागात बसून केला. छत्तीसगडमधील पहिले महाविद्यालय याच शहरात १९३८ साली निघाले आणि विद्यापीठ १९६४ साली. परंतु पुण्यातील वादाचे पडसाद महाविद्यालयाच्या कितीतरी आधी येथे येऊन पोचले होते. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे हे मराठीभाषक. त्यांनी १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढून टिळकांचा विचार हिंदीत आणला. पुढे रायपुरात राहून त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत नेले. तेव्हा येथील वाचकालाही ही हकिकत दूरची वाटण्याचे कारण नाही.

१. कल्पनेचा उगम

रॉबर्ट ग्रीनलीफ हे अमेरिकेतील एका मोठ्या टेलिफोन कंपनीत जवळजवळ चाळीस वर्षे नोकरी केलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर ते विद्यापीठांना सल्ला देत असत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेतील विद्यापीठे पेटली होती. विद्यार्थ्यांचा अधिकाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता आणि अधिकाऱ्यांना विद्यार्थ्यांची भाषा कळत नव्हती. त्या काळात ग्रीनलीफ यांनी हेर्मान हेस या जर्मन लेखकाची एक कादंबरी वाचली. तीत प्रवाशांच्या एका तांड्याची कामे करणारा लिओ नावाचा नोकर आहे. तो नाहीसा होताच तांडा विस्कटतो, आणि पुढे कळते की तोच त्या मंडळाचा प्रमुख होता. या कथेवरून ग्रीनलीफ यांनी १९७० साली आपला निबंध लिहिला. खरा नेता आधी सेवक असतो आणि नेतेपण त्याच्याकडे मागाहून येते, हे त्याचे सूत्र.

या सूत्राला त्यांनी एक कसोटीही जोडली. ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का, अधिक शहाणी आणि स्वतंत्र झाली का, त्यांच्यातून पुढे सेवक निर्माण झाले का? आणि समाजातील सर्वांत वंचित माणसाचे त्यामुळे काय झाले? ही कसोटी वाचकाने ध्यानात ठेवावी. पाठाच्या अखेरीस ती पुन्हा लागणार आहे.

२. पंच्याहत्तर रुपयांचे व्रत

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकर आणि वामन शिवराम आपटे हे लवकरच त्यांना मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले.

या संस्थेची घडण त्या काळी असाधारण होती. तिला मालक नव्हता. ती चालवणारे शिक्षक हेच तिचे आजीव सदस्य. प्रत्येकाने निदान वीस वर्षे संस्थेत काम करण्याचे वचन द्यायचे आणि महिना सुमारे पंच्याहत्तर रुपयांवर संसार चालवायचा. सरकारी नोकरीत गेलेल्या त्यांच्याच तोडीच्या पदवीधराला याहून कितीतरी अधिक मिळत असे. कारभाराचे निर्णय आजीव सदस्यांच्या मंडळात मतांनी होत. प्राचार्य हा त्या मंडळातलाच एक. तोही तास घेई आणि तोही त्याच वचनाने बांधलेला असे.

व्रत घेतलेल्या माणसाला किती प्रकारची कामे करावी लागत, याचे उदाहरण म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. ते इंग्रजी शिकवीत, गणित शिकवीत आणि गरज पडली की इतिहास व अर्थशास्त्रही शिकवीत. संस्थेचे चिटणीस झाल्यावर सुट्टीचे दिवस ते गावोगाव वर्गणी मागण्यात घालवीत. १९०२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिना तीस रुपये निवृत्तिवेतन मिळाले. पुढे १९०५ साली त्यांनी जी संस्था काढली तिच्या नावातच ‘सेवक’ हा शब्द आहे: भारत सेवक समाज.

येथवरची हकिकत आपण आदराने वाचतो आणि बहुधा येथेच थांबतो. पुढचा भाग अधिक कठीण आहे आणि शिकण्यासारखे त्यातच अधिक आहे.

३. एका व्रताचे दोन अर्थ

टिळक आणि आगरकर हे महाविद्यालयीन जीवनापासूनचे मित्र. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले होते. त्यांचा मतभेद प्रथम वृत्तपत्रात दिसला. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, आणि सुधारणेसाठी परकी सरकारचा कायदा घ्यावा की नाही, हा तो वाद. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. संमतिवयाच्या विधेयकावरून १८९१ मध्ये पुणे उभे दुभंगले, तेव्हा हे दोघे मित्र दोन बाजूंना उभे होते.

परंतु संस्थेतील भांडण याच विषयावर झाले, असे मानणे चूक होईल. तेथील प्रश्न व्रताच्या अर्थाचा होता. टिळकांच्या मते आजीव सदस्याने आपला सारा वेळ आणि सारी शक्ती संस्थेला द्यावी. वेतन वाढवून मागू नये आणि बाहेरचे उद्योग करू नयेत. त्यांच्यापुढे जेझुइट पाद्र्यांच्या संघटनेचा आदर्श होता. इतर सदस्यांचे म्हणणे असे की कुटुंबाच्या गरजा वाढतात. ठरलेले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात पुस्तक लिहिणे किंवा सार्वजनिक कार्य करणे यात व्रतभंग नाही. वेतनवाढीच्या सूचनेवरून वाद झाला. होळकरांनी दिलेल्या देणगीवरून वाद झाला. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले तेव्हा वाद टोकाला गेला. मत मंडळात टिळकांच्या विरुद्ध पडत गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सविस्तर पत्र लिहून त्यांनी राजीनामा दिला.

या प्रसंगाचा अभ्यास करताना एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. दोन्ही बाजूंना स्वार्थी माणसे नव्हती. सर्वांनी एकच शपथ घेतली होती आणि सर्वांनी मोठ्या पगारावर पाणी सोडले होते. तरी संस्था फुटली. त्यागाने माणसाचा अधिकार वाढतो. परंतु त्यागाच्या जोरावर दुसऱ्याच्या त्यागाचे माप ठरवण्याचा हक्क मिळतो काय? येथे उत्तर दोन प्रकारचे निघाले आणि दोन्ही प्रामाणिक होते. सेवाभाव हा सद्‌गुण आहे, पण मतभेद सोडवण्याची ती पद्धत नव्हे. पद्धत वेगळी लागते. लेखी नियम, मोकळी चर्चा, नोंदवलेले विरोधी मत, आणि बहुमत मान्य नसल्यास सन्मानाने बाहेर पडण्याची वाट, अशी ती असते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीजवळ हे सारे थोडेफार होते, आणि म्हणूनच तिचा आधारस्तंभ निखळला तरी इमारत उभी राहिली.

४. आगरकरांची तीन वर्षे

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली वारले. त्यांच्या जागी आगरकर आले आणि जून १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी दम्याने मृत्यू येईपर्यंत ते त्या जागेवर होते.

वाचकाने त्या वेळचे पुणे कल्पनेने पाहावे. महाविद्यालयात मुले पाठवणारी घरे बहुतांशी सनातनी वळणाची. प्राचार्य मात्र बालविवाह, केशवपन आणि अंधश्रद्धा यांवर दर आठवड्याला कठोर लेख लिहिणारा संपादक. त्याच्या हयातीत विरोधकांनी त्याची प्रेतयात्रा काढली, अशी त्या शहराची मनःस्थिती. अशा माणसाच्या हाती आपला मुलगा का सोपवावा, हा प्रश्न पालकाला पडणे स्वाभाविक होते.

तरीही महाविद्यालय मोडले नाही. उलट याच काळात भांबुर्ड्याच्या माळावर त्याची नवी इमारत उभी राहिली आणि १८९५ मध्ये तेथे वर्ग भरू लागले. याचे एक कारण संस्थेच्या रचनेत आहे. ‘सुधारक’ हे आगरकरांचे पत्र होते, महाविद्यालयाचे नव्हे. प्राचार्य एका पक्षाचा असला तरी मंडळ अनेकांचे होते आणि पदवीची परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती. दुसरे कारण माणसाचे आहे. आगरकर पंच्याहत्तर रुपयांवर राहतात, दम्याने जर्जर असूनही शिकवतात आणि जे लिहितात ते स्वतःच्या लाभासाठी लिहीत नाहीत, हे त्यांच्या कट्टर विरोधकालाही दिसत होते. ते गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

याच वर्षांतील आणखी एक प्रसंग आहे. टिळक गेल्यामुळे गणिताची जागा रिकामी झाली होती. गोखल्यांनी तीवर धोंडो केशव कर्वे यांना बोलावले. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडला, त्यांच्या मूळ गावी, त्यांच्यावर बहिष्कार पडला. परंतु महाविद्यालयातील त्यांची जागा गेली नाही. ते १९१४ पर्यंत तेथे गणित शिकवीत राहिले आणि त्या स्थिर नोकरीच्या आधारावरच त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. एका शिक्षकाला केवळ कामावर राहू देणे ही बाहेरून क्षुल्लक दिसणारी प्रशासकीय कृती आहे; पण तिच्याशिवाय पुढचे हिंगण्याचे कार्य कसे झाले असते, याचा विचार करावा.

५. दहा रुपयांचा दंड

सेवाव्रती प्रशासकाचे निर्णय नेहमी बरोबरच असतात, असा समज होऊ नये म्हणून पुढील प्रसंग मुद्दाम देत आहे.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आलेले पहिले भारतीय. कुठल्याही मोठ्या हुद्द्याचे दार त्यांना मोकळे होते. ते परत आले आणि त्याच अल्प वेतनावर आजीव सदस्य म्हणून काम करू लागले. १९०२ मध्ये ते प्राचार्य झाले. त्यांच्या व्रतनिष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही.

१९०५ च्या ऑक्टोबरात वंगभंगाच्या निषेधार्थ पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तीत विनायक दामोदर सावरकर हा फर्ग्युसनचा विद्यार्थी पुढे होता आणि टिळक स्वतः उपस्थित होते. प्राचार्य परांजप्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कडाडून टीका केली.

प्राचार्यांची बाजू अशी मांडता येईल. संस्था सरकारी अनुदान घेत होती. शेकडो विद्यार्थ्यांचे शिक्षण तीवर अवलंबून होते. एका होळीपायी ते सारे धोक्यात घालावे काय? विद्यार्थ्याची बाजू अशी. होळी वर्गात झाली नव्हती. ज्या संस्थेच्या जन्मदात्यांनी तुरुंग भोगला, तिने देशप्रेमाला शिस्तभंग म्हणावे काय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या मते वसतिगृहातून काढणे ही शिक्षा अपराधाच्या मानाने जड होती आणि तीत संस्थेच्या रक्षणाइतकीच संस्थेविषयीची भीतीही होती. संस्थेची सेवा करता करता प्रशासक तिच्या सुरक्षिततेलाच तिचे ध्येय समजू लागतो. सेवकाला होणारा हा नेहमीचा रोग आहे.

मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. सावरकरांचे नाव महाविद्यालयातून कमी झाले नाही. परीक्षेचे दार उघडे राहिले आणि ते फर्ग्युसनमधूनच पदवीधर झाले. शिक्षा चुकीची असू शकते. ती विद्यार्थ्याचे भवितव्य बंद करणारी नसावी, एवढे भान त्या निर्णयात राहिले.

६. सेवा कोणाची?

आता ग्रीनलीफ यांच्या कसोटीकडे परत येऊ. ज्यांची सेवा केली त्यांच्यातून सेवक निघाले का? या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. गोखले, कर्वे आणि परांजपे हे त्याचे पुरावे आहेत.

कसोटीचा दुसरा भाग मात्र अवघड जातो. सर्वांत वंचित माणसाचे काय झाले? आजीव सदस्य जवळजवळ सर्व ब्राह्मण पुरुष होते. त्यांचे विद्यार्थीही प्रामुख्याने त्याच वर्गातले. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, सरकारचा शिक्षणावरील पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो आणि शेतकऱ्याचे मूल प्राथमिक शाळेलाही मुकते, असे दाखवून दिले होते. फर्ग्युसन महाविद्यालय त्यानंतर तीन वर्षांनी उघडले आणि त्या तक्रारीला त्याच्या रचनेत उत्तर नव्हते.

उत्तर बाहेरून यावे लागले. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, निरनिराळ्या जातींची मुले एका वसतिगृहात ठेवली आणि १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय उघडून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत उच्च शिक्षणात नेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. व्रत किती कडक आहे हे जसे पाहावे, तसेच त्या व्रताचे फळ कोणाच्या पदरात पडते हेही पाहावे लागते. राजकीय फळीच्या दोन्ही बाजूंशी समभावाने वागणारा प्राचार्य, दाराबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला विसरला, तर त्याची तटस्थता अपुरी ठरते.

७. आजच्या प्रशासकासाठी

आज कुलगुरू आजीव सदस्य नसतो. ठरावीक मुदतीसाठी त्याची नेमणूक होते. त्याचे वेतन शासन ठरवते, आणि तो कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न त्याच्या नेमणुकीच्या दिवसापासून विचारला जातो. पंच्याहत्तर रुपयांचे व्रत त्याला सांगणे व्यर्थ आहे. तथापि या हकिकतीतून चार गोष्टी त्याला उचलता येतील.

पहिली, सवलतींची. आपल्या कार्यालयासाठी, वाहनासाठी, समारंभासाठी तो काय मागतो, हे प्रयोगशाळेतील शेवटचा सेवक पाहत असतो. इतरांना काटकसर सांगण्याचा अधिकार तेथून मिळतो.

दुसरी, नियमाची. आपल्या मताच्या विद्यार्थिसंघटनेला सभागृह ज्या अटींवर दिले, त्याच अटींवर विरुद्ध मताच्या संघटनेला द्यावे. अट वाद पेटण्यापूर्वी लिहून ठेवलेली असावी. वाद पेटल्यावर केलेला नियम कितीही न्याय्य असला तरी एका बाजूला तो आपल्याविरुद्ध केलेला वाटतो.

तिसरी, मतभेदाच्या नोंदीची. सभेच्या इतिवृत्तात विरोधी मत पूर्ण उतरवावे. जो हरला त्याचे म्हणणे कागदावर राहिले तर तो संस्थेत राहू शकतो, आणि बाहेर पडला तरी वैरी होऊन पडत नाही.

चौथी, शिक्षेची. रागाच्या भरात दिलेली शिक्षा प्रशासकाच्या वीस वर्षांच्या सेवेपेक्षा अधिक काळ लोकांच्या स्मरणात राहते. म्हणून शिक्षा देण्यापूर्वी एकच विचारावे: यानंतर हा विद्यार्थी परीक्षेला बसू शकेल काय?

तेलीबांध्याच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाचे लक्ष पाण्याकडे असते. ज्या बांधामुळे ते पाणी अडून राहिले, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बांध फुटला म्हणजे मात्र सर्वांनाच कळते. दुभंगलेल्या काळातील प्राचार्याचे काम पुष्कळसे असे आहे. त्याने कोणाची बाजू जिंकून दिली, याची नोंद राहत नाही. दोन्ही बाजूंची मुले त्याच्या आवारात शिकून बाहेर पडली, एवढेच मागे राहते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आजीव सदस्याच्या व्रताविषयी टिळकांचा आणि इतर सदस्यांचा अर्थ यांतील भेद स्वतःच्या शब्दांत मांडा. तुम्ही त्या मंडळात असता तर मत कोणत्या बाजूला दिले असते आणि का?

२. प्राचार्य परांजप्यांच्या जागी तुम्ही असता तर १९०५ च्या प्रसंगी कोणता निर्णय घेतला असता? त्याची किंमत कोणाला मोजावी लागली असती?

३. तुमच्या परिसरातील एखादे महाविद्यालय घ्या. त्याच्या दाराबाहेर आज कोण उभे आहे, याचा शोध घेऊन एक पानभर टिपण लिहा.